संस्थेच्या वेबसाइटचं कपाट उघडं तर नाही ना? इंडेक्स फाइल समजून घ्या

एका संध्याकाळी मगरिबनंतर ओळखीच्या एका गृहस्थांचा फोन आला. रिक्षा चालवतात, मुलगी बारावीला आहे. म्हणाले, "भाई, तुम्ही ते वेबसाइटचं काम बघता ना? जरा माझ्या मुलीचं नाव गूगलवर टाकून बघा." टाकलं. दुसऱ्याच ओळीत एक पीडीएफ निघाली. उघडली तर तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला. वडिलांचं नाव, पत्ता, वर्षाचं उत्पन्न, सगळं. हा दाखला त्यांनी गावातल्या एका शैक्षणिक संस्थेकडे स्कॉलरशिपच्या अर्जासोबत दिला होता.

मी पत्त्यातलं फाइलचं नाव खोडलं, फोल्डरपर्यंतचा पत्ता तसाच ठेवला आणि एंटर दाबलं. पांढऱ्या पानावर ठळक अक्षरांत "इंडेक्स ऑफ" आणि खाली लांबलचक यादी. मार्कशीट, आधार कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान. प्रत्येक फाइलचं नाव, तारीख, आकार. कुठल्याही फाइलवर बोट ठेवा, उघडते. पासवर्ड नाही, लॉगिन नाही.

कोणी हॅक केलं होतं का? अजिबात नाही. वेबसाइट मीच उभी करून दिली होती, सेवा म्हणून, पैसे न घेता. चूक माझी होती, आणि ती फार छोटी होती. त्या फोल्डरमध्ये इंडेक्स फाइल नव्हती, आणि "फाइल नसेल तर काय करायचं" हे मी सर्व्हरला सांगितलं नव्हतं.

आज आपल्याकडे शाळा, मदरसे, जमातीचे ट्रस्ट, पतसंस्था, वाचनालयं, सगळ्यांच्या वेबसाइट आहेत. बहुतेक ठिकाणी त्या कोणाच्या तरी भाच्याने किंवा इंजिनीअरिंगला असलेल्या मुलाने बनवलेल्या असतात. वेबसाइट दिसायला लागली की काम झालं असं सगळे समजतात. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांनीही वाचा. निदान त्या भाच्याला काय विचारायचं ते कळेल.

नुसतं फोल्डर मागितलं तर

आपण ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव टाकतो, पानाचं नाही. तेव्हा ब्राउझर सर्व्हरकडे फक्त एक स्लॅश मागतो. म्हणजे "तुझं सगळ्यात वरचं फोल्डर दे." पण फोल्डर हे काही पान नव्हे. ते दाखवायचं कसं? म्हणून सर्व्हरला आधीच सांगून ठेवलेलं असतं की कोणी नुसतं फोल्डर मागितलं तर त्यातली अमुक नावाची फाइल काढून दे. ही झाली इंडेक्स फाइल. साध्या वेबसाइटमध्ये तिचं नाव बहुधा इंडेक्स डॉट एचटीएमएल असतं, वर्डप्रेसमध्ये इंडेक्स डॉट पीएचपी.

ती सापडली तर प्रश्नच नाही. सापडली नाही तर दोन रस्ते. फोल्डरची यादी दाखवण्याची परवानगी चालू असेल तर सर्व्हर स्वतःच यादी तयार करून समोर ठेवतो. बंद असेल तर ४०३ फॉरबिडन असा निरोप देतो, म्हणजे "इथे यायला मनाई आहे." कापडाच्या दुकानाचं उदाहरण घ्या. गिऱ्हाईक आलं की आधी अमुक नमुना दाखव, असं नोकराला सांगितलेलं आहे. नमुना सापडला नाही तर एक नोकर सांगतो, माफ करा, आज नाही. दुसरा मात्र गिऱ्हाइकाला सरळ गोदामात नेऊन सोडतो. आमच्याकडे दुसरा नोकर होता.

या यादीत बिघाड काही नाही, ती मुद्दाम केलेली सोय आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेब म्हणजे मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचं काम होतं. फोल्डरमध्ये काय काय आहे ते लोकांना दिसावं, हाच उद्देश असायचा. सर्व्हर आपोआप यादी बनवायचा, आणि ज्याला ती नीटनेटकी हवी तो स्वतःच्या हाताने अनुक्रमणिका लिहून ठेवायचा. इंडेक्स म्हणजे अनुक्रमणिका, म्हणून फाइलचं नाव इंडेक्स. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात तयार झालेल्या सर्व्हरमध्ये यासाठी "डिरेक्टरीइंडेक्स" नावाची सूचना होती. त्या सर्व्हरच्या कोडवर दुरुस्त्या करत करत १९९५ मध्ये अपाचे सर्व्हर आला आणि हा शब्दही त्याच्यासोबत आला. आज स्वस्तातलं होस्टिंग घ्या, आत बऱ्याचदा अपाचे किंवा त्याच्याच सूचना पाळणारा दुसरा सर्व्हर निघतो. म्हणून मी मुख्यतः अपाचेबद्दलच बोलतो.

यादीतला क्रम

एक सूचना. सर्व्हरच्या आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. फाइलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या असतात.

डिरेक्टरीइंडेक्स या शब्दापुढे एक किंवा अनेक फाइलींची नावं लिहायची, मध्ये फक्त मोकळी जागा सोडायची. स्वल्पविराम नको. सर्व्हर डावीकडून शोधायला लागतो आणि जी पहिली सापडेल ती देतो. पुढच्या नावांकडे तो बघतही नाही. घोळ होतो तो इथेच.

उबुंटू लिनक्सवर अपाचे टाकलं की यादीत इंडेक्स डॉट एचटीएमएल पहिलं येतं आणि इंडेक्स डॉट पीएचपी बरंच मागे. शिवाय अपाचे स्वतःचं एक स्वागताचं पान त्याच फोल्डरमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल या नावाने ठेवतं. मग मुलगा रात्रभर बसून वर्डप्रेस चढवतो, सकाळी उघडतो, आणि समोर तेच "इट वर्क्स". वर्डप्रेस बिघडलेलं नसतं. सर्व्हरला आधीच्या नावाची फाइल मिळाली, तो तिथेच थांबला. होस्टिंगवाल्यांच्या "लवकरच येत आहे" छापाच्या पानाचंही तसंच. उपाय दोन: ती जुनी फाइल काढून टाका, नाहीतर यादीत इंडेक्स डॉट पीएचपी पुढे आणा. मी दोन्ही करतो.

हाच क्रम उपयोगीही पडतो. समजा अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुरुस्तीसाठी वेबसाइट बंद ठेवायची आहे. यादीत सगळ्यात आधी "सूचना डॉट एचटीएमएल" असं नाव घालून ठेवा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एरवी ती फाइल नसतेच, त्यामुळे सर्व्हर पुढच्या नावाकडे जातो. गरज पडली की त्या नावाची फाइल चढवायची, पहिल्या पानावर सूचना दिसते. काम झालं की फाइल पुसायची. मात्र आतल्या पानांचे थेट पत्ते ज्यांच्याकडे आहेत त्यांना ती पानं दिसतच राहतात.

नावाच्या बाबतीत लिनक्स फार काटेकोर आहे. मोठ्या आय अक्षराने लिहिलेलं इंडेक्स आणि लहान आय अक्षराने लिहिलेलं इंडेक्स, त्याच्या लेखी दोन वेगळ्या फाइली. घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर सगळं चालतं आणि सर्व्हरवर चढवलं की पान गायब, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह करताना शेवटी नकळत डॉट टीएक्सटी लागतं ते वेगळंच. विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं, आपल्याला वाटतं नाव बरोबर आहे.

लिहायचं कुठे, आणि लिहूनही चालत नाही ते का

आपला स्वतःचा सर्व्हर असेल तर मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये. भाड्याच्या होस्टिंगवर तिथे हात लागत नाही, म्हणून वेबसाइटच्या फोल्डरमध्ये डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइल ठेवतात. नावाची सुरुवातच टिंबाने होते, त्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये ती एरवी दिसत नाही. लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो. या फाइलमधली सूचना त्या फोल्डरला आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरांना लागू होते.

यादी दाखवणं बंद करण्याची आज्ञा एका ओळीची आहे. "ऑप्शन्स" हा शब्द, मग मोकळी जागा, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून "इंडेक्सेस". एवढंच. या एका ओळीने आमची यादी बंद झाली असती. ओळीत आणखी काही घालणार असाल तर प्रत्येक शब्दाला अधिक किंवा वजा लावा, किंवा कशालाच लावू नका. अर्ध्यांना लावलं आणि अर्ध्यांना नाही, तर अपाचे ती ओळ चुकीची धरतं.

पण ही ओळ लिहून खात्री न करता उठू नका. अपाचेमध्ये "अलाउओव्हरराइड" नावाची आणखी एक सेटिंग आहे. डॉट एचटीअ‍ॅक्सेसचं ऐकायचं की नाही, ऐकायचं तर किती, हे ती ठरवते. उबुंटूवर वेबसाइटच्या नेहमीच्या फोल्डरसाठी ती "नन" असते, म्हणजे अजिबात ऐकायचं नाही. आणि त्याच ठिकाणी यादी दाखवण्याची परवानगी मात्र चालू असते. दोन्ही एकत्र बघा: तुम्ही ओळ लिहिली, कुठली चूक दाखवली नाही, मनाचं समाधान झालं, आणि यादी तशीच उघडी. उलट, थोडंसं ऐकायची परवानगी असेल आणि तुमची ओळ त्यात बसत नसेल, तर पान ५०० ची चूक दाखवतं. तो त्रास परवडला, निदान कळतं तरी.

ज्यांना फाइलींमध्ये हात घालायची भीती वाटते त्यांच्यासाठी सीपॅनेलमध्ये "इंडेक्सेस" नावाचं बटण आहे. फोल्डर निवडा, "नो इंडेक्सिंग" निवडा, सेव्ह करा. इथल्या इंडेक्सिंगचा गूगलशी काही संबंध नाही, फक्त यादी दाखवण्याशी आहे. नावामुळे लोक गोंधळतात.

काही जण प्रत्येक फोल्डरमध्ये एक कोरी इंडेक्स फाइल टाकून मोकळे होतात. वर्डप्रेसही थोडंफार असंच करतं. थीम आणि प्लगइनच्या मुख्य फोल्डरांत त्याने जवळजवळ रिकामी इंडेक्स डॉट पीएचपी ठेवलेली असते. पण लोकांनी चढवलेले फोटो आणि पीडीएफ ज्या "अपलोड्स" फोल्डरमध्ये जातात, तिथे वर्डप्रेस स्वतःहून अशी फाइल ठेवत नाही. आणि तिथे दर महिन्याला नवीन फोल्डर तयार होतं. माझ्याकडूनही तेच झालं होतं. पहिल्या फोल्डरमध्ये कोरी फाइल टाकली होती, पुढच्यांचं लक्षातच राहिलं नाही. म्हणून कोरी फाइल हवी तर टाका, भिस्त मात्र त्या एका ओळीवर ठेवा.

एनजिनएक्स नावाचा दुसरा सर्व्हरही आता खूप वापरला जातो. त्यात सूचनेचं नाव नुसतं "इंडेक्स" आहे, क्रमाचा नियम तोच. यादीसाठी "ऑटोइंडेक्स" ही वेगळी सेटिंग आहे आणि ती मुळात बंदच असते. कोणी मुद्दाम चालू केली असेल तरच धोका. एनजिनएक्स डॉट एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. अपाचेवरून इकडे आलात तर जुने सगळे नियम तिथेच राहिले असं समजा. विंडोजच्या आयआयएस सर्व्हरमध्ये याला "डीफॉल्ट डॉक्युमेंट" म्हणतात, आणि तिथे "डिरेक्टरी ब्राउझिंग" बंद आहे ना एवढं बघायचं.

यादी बंद झाली, पण कुलूप लागलं का?

नाही. यादी बंद करणं म्हणजे कपाटावर पडदा टाकणं. ज्याला फाइलचा पूर्ण पत्ता माहीत आहे त्याला ती अजूनही मिळते. आणि आपल्या संस्थांमध्ये फाइलींची नावं कशी असतात? अर्ज-१, अर्ज-२, अर्ज-३. एक मिळाला की पुढचे अंदाजानेच उघडतात. गूगलने तर सगळे पत्ते आधीच टिपून ठेवलेले असतात.

म्हणून लोकांची कागदपत्रं वेबसाइटच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवूच नयेत. होस्टिंगवर पब्लिक एचटीएमएल नावाचं फोल्डर असतं. जगाला दिसतं ते यातलंच. कागदपत्रांचं फोल्डर त्याच्या बाहेर, एक पायरी वर हलवायचं, आणि लॉगिन केलेल्या माणसालाच फाइल मिळेल असा प्रोग्राम मध्ये ठेवायचा. तेवढं जमत नसेल तर त्या फोल्डरच्या डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये "रिक्वायर ऑल डिनाइड" लिहा. मग यादी राहू द्या, पूर्ण पत्ता टाकूनही फाइल उघडत नाही. अर्जांची छाननी संपल्यावर फाइली सर्व्हरवरून काढून टाकणं, हे तर त्याहून सोपं. तीन वर्षांपूर्वीच्या अर्जदाराचं पासबुक आज आपल्याला कशाला हवंय?

कोणी सुचवेल, रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये गूगलला मनाई करा. कागदपत्रांसाठी हा उपाय मला धोक्याचा वाटतो. ती फाइल कोणीही वाचू शकतं. "या फोल्डरमध्ये बघू नका" असं तिथे लिहिणं म्हणजे तिजोरी कुठे आहे त्याची पाटी लावणं.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, जो लोकांची माहिती डिजिटल स्वरूपात घेतो त्याने ती सांभाळण्याची वाजवी व्यवस्था करणं बंधनकारक आहे. त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. कायद्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, आणि छोट्या ट्रस्टला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण "आमची तर छोटी संस्था, आम्हाला कोण विचारतंय" हे उत्तर आता चालणार नाही. आपल्या घरात अमानत हा शब्द सगळ्यांना कळतो. दुसऱ्याच्या मुलीचा दाखला आपल्याकडे अमानत म्हणूनच असतो.

तपासायचं कसं

मोबाईलवरूनही होतं. संस्थेच्या वेबसाइटवरचा एखादा फोटो किंवा पीडीएफ उघडा. वर पत्त्यात शेवटच्या स्लॅशच्या पुढचं सगळं खोडा, स्लॅश राहू द्या, एंटर दाबा. पान उघडलं किंवा मनाईचा निरोप आला तर ठीक. "इंडेक्स ऑफ" आणि "पॅरेंट डिरेक्टरी" दिसलं तर त्याच दिवशी संस्थेच्या सेक्रेटरींना फोन करा. फोल्डर एकावर एक असतील तर एकेक पायरी वर जात प्रत्येक ठिकाणी बघा. वेबसाइट सांभाळणाऱ्यांनी बदल केल्यावर इनकॉग्निटो खिडकीत तपासावं, कारण ब्राउझर जुनं पान धरून ठेवतो आणि आपण उगाच सेटिंग बदलत बसतो.

यादी सापडली म्हणून त्यातल्या फाइली डाउनलोड करून ग्रुपवर टाकू नका. "बघा किती हलगर्जीपणा" म्हणत स्क्रीनशॉट फिरवणारे मी पाहिलेत. त्या स्क्रीनशॉटमध्ये कोणाच्या तरी मुलाचा आधार नंबर असतो.

पालकांनी एक गोष्ट आपल्या हातात ठेवावी. आधार कार्डाची प्रत मागितली तर आधी विचारा, मास्क्ड आधार चालेल का? त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात, आणि ते यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून फुकट मिळतं. पुष्कळ ठिकाणी तेवढ्याने काम भागतं.

आमच्याकडे त्या रात्री काय केलं ते सांगतो. आधी फोल्डर बाहेर हलवलं, मग ती ओळ लिहिली, मग प्रत्येक पायरीवर जाऊन बघितलं. गूगलच्या सर्च कन्सोलमधून त्या फोल्डरचे पत्ते काढून टाकण्याची विनंती टाकली. त्या विनंतीने पत्ते साधारण सहा महिने लपतात, तेवढ्यात फाइली खरोखर गेलेल्या असल्या तर गूगल त्या कायमच्या विसरतं. सकाळी संस्थेत जाऊन सांगितलं. एक-दोघांना वाटत होतं की आता बंद झालंय, कशाला बोभाटा करायचा. पण अर्जदारांच्या घरी फोन करायचं ठरलं, आणि ते फोन मीच केले. काही जण रागावले. रागावणारच.

रिक्षावाल्या भाईंना शेवटी फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "आता तिचं नाव टाकलं तर काय दिसतं?" म्हटलं, ओळ दोन-तीन दिवस दिसेल कदाचित, पण दाबली तर उघडणार नाही. त्यांनी माझ्याशी बोलता बोलताच मुलीला दाबायला सांगितलं. ४०४ आलं.